वायाळबाईंची सावड

परवा पेपराच्या घडीतून एक गुळगुळीत कागद घरात आला. बीड बायपासला कुठलीशी नवी शाळा निघाली आहे, तिची जाहिरात. हिरवळ, निळे टाय बांधलेली गोरीगोमटी मुलं, आणि खाली ठळक अक्षरांत : 'पाचवी ते दहावीची मुलं एका गटात, एका मार्गदर्शकाजवळ. परदेशातली अभिनव पद्धत. शहरात प्रथमच!'

ते 'प्रथमच' वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यजमान म्हणाले, "अगं, जाहिरात आहे ती. कागदाशी काय भांडतेस?" भांडणार! कारण ही पद्धत याच शहरात, पुंडलिकनगरच्या आमच्या पत्र्याच्या शाळेत, एका बाईने आणली होती. तिने परदेश सोडा, पुणंसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. आणि आणल्याबद्दल तिला काय बक्षीस मिळालं, तेही मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

वायाळबाई आमच्याकडे आल्या त्या प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून. करमाडच्या पुढे आत कुठेतरी त्यांचं गाव. उंचीला बेताच्या, आवाजाला दणदणीत. पदर कायम कमरेला खोचलेला. स्कूटीवर यायच्या त्या दोन्ही पाय बाहेर काढून, जमिनीच्या वर वीतभर अधांतरी धरून. वेळ आली तर टेकायला उशीर नको. त्यांना लांबून पाहिलं की रिक्षावाले आपण होऊन बाजूला होत, आणि या शहरातले रिक्षावाले रुग्णवाहिकेलाही बाजू देत नाहीत.

मुख्याध्यापकांच्या खोलीत एक फिरती खुर्ची होती. पहिल्याच दिवशी बाई ती ढकलत ढकलत स्टाफरूममध्ये घेऊन आल्या. "ही गरगर फिरती, मला मळमळतं. कुलकर्णीबाई, तुमी बसा हिच्यावर." मी विज्ञान शिकवायची, वीस वर्षं लाकडी स्टुलावर बसून पाठ धरलेली. मी बसले. देशमुख सरांनी नाक मुरडलं, कारण ज्येष्ठतेने ते माझ्या पुढे होते. बाई मात्र निघूनही गेल्या होत्या. आपल्या खोलीत त्यांनी एक साधं बाकडं टाकून घेतलं आणि आलेल्या माणसाने त्याच बाकड्यावर शेजारी बसायचं असा दंडक घातला. मग तो शिक्षणाधिकारी असो की डबा विसरलेला पाचवीतला पोर.

आमच्या शिक्षकांच्या जगात अशी एक समजूत आहे, की फाटकातून आत शिरताना माणसाने आपली बोली बाहेर चपलेसारखी काढून ठेवावी. बाई परिपाठाच्या माइकवरून खुशाल 'लई' म्हणायच्या, 'व्हय' म्हणायच्या. प्रार्थनाही म्हणायच्या, आणि ती इतक्या बेसूर आणि इतक्या जोरात, की पुढच्या रांगेतली पोरं खाली मान घालून खिदळत. एकदा एक पालक तक्रार घेऊन आले : मुख्याध्यापिकेची भाषा अशुद्ध आहे, मुलांवर काय संस्कार होणार? बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग?"

हा त्यांचा ठरलेला शब्द. तो त्या चढ्या आवाजात म्हणत नसत. खरोखरच पुढचं ऐकायची इच्छा असल्यासारखं, मान किंचित तिरपी करून विचारत. समोरच्याची सगळी तयारी तक्रारीपर्यंतच झालेली असायची. पुढचं त्याच्याजवळ नसायचंच. तो बिचारा दोन मिनिटं चाचपडायचा आणि चहा पिऊन जायचा.

ती वर्षं दुष्काळाची होती. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, शाळेची टाकी कोरडी ठणठणीत, आणि जालना रोडने रोज माणसं शहरात उतरत होती. एकीकडे पाणी नाही म्हणून ओरड, दुसरीकडे जिकडेतिकडे इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, आणि त्यांच्या पायथ्याशी करमाडकडून आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोल्या टाकून राहत होती. त्यांची मुलं आमच्या शाळेत आली. कुणाचं एक वर्ष बुडालेलं, कुणाची दोन. आम्ही त्यांना कुठे बसवलं? 'ड' तुकडीत. अ तुकडी हुशारांची, ब बऱ्यांची, क कशाबशांची, आणि ड कुणाचीच नव्हे. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण शाळेतल्या कुत्र्यालाही ते ठाऊक होतं.

त्या ड तुकडीत सीमा नावाची मुलगी आली. चौदा वर्षांची, अंगाने थोराड, आणि बसवली सहावीत. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'मावशी' ठेवलं. फळ्यावर उत्तर लिहायला उठली की मागून कुणीतरी म्हणायचं, "मावशी, चहा टाका." पंधरवड्यात सीमा यायची बंद झाली.

अशा वेळी आम्ही हजेरीपटावर गैरहजर मांडतो आणि पुढच्या कामाला लागतो. वायाळबाई मला स्कूटीवर मागे बसवून तिच्या घरी निघाल्या. तो प्रवास मी आयुष्यात विसरणार नाही, पण तो वेगळा विषय आहे. सीमा घरी नव्हती, टँकरपाशी होती. आम्ही जाऊन पाहतो तर काय, टँकरभोवती मोठ्या माणसांची ही झोंबाझोंबी, आणि एका बाजूला सीमाने वस्तीतल्या पोरांची स्वतंत्र फळी लावलेली. सहा वर्षांची चिमुरडी हंड्यांवर राखण करत होती, थोडी मोठी मुलं पाइप धरून होती, मिसरूड फुटलेला एक पोरगा हंडे उचलत होता, आणि ही कमरेला ओढणी बांधून प्रत्येकाला नावाने हाक मारत होती. "पिंट्या, तुझं झालं, आता गंगूबाईचा हंडा धर. तिनं काल तुझा धरला व्हता." आणि पिंट्या, वयाने तिच्याहून मोठा, निमूट हंडा धरत होता.

बाई कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. परतताना स्कूटी भर रस्त्यात थांबवली. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवतोय आणि या वळून मला विचारताहेत, "कुलकर्णीबाई, हितं कुणी तिला मावशी म्हनलं का हो?"

"नाही."

"कामून नाही?"

मी म्हटलं, "बाई, ट्रक."

"हितं कुणाचं वय कुणाला खुपत नाय. ती साळंत आली की खुपतं. म्हंजी खोट पोरीत नाय, आपल्या साळंत हाय." मग कुठे स्कूटी हलली.

सोमवारी बाईंनी स्टाफ मीटिंग बोलावली आणि सांगितलं, रोज पहिला अर्धा तास तुकड्या बंद. पाचवीपासून दहावीपर्यंतची मुलं मिसळून गट करायचे, प्रत्येक शिक्षकाकडे एक गट. तोच गट, तोच शिक्षक, पोर शाळा सोडेपर्यंत. त्या गटाचं नाव सावड.

"सावड म्हणजे?" मी विचारलं. माझं बालपण औरंगपुऱ्यात गेलेलं. आमच्या घराण्यात शेती होती ती फक्त सातबाऱ्यावर, आणि तीही आजोबांच्याच काळात कुळांकडे गेली.

बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमच्याकडं एक बैल, माझ्याकडं एक बैल. एका बैलानं औत चालतंय का? मग दोघांनी जोडी करायची. आज तुमचं रान, उद्या माझं. मानसांचंबी तसंच. आज मी तुमच्या खुरपनीला, उद्या तुमी माझ्या. ही सावड. कुनाचे उपकार नायत. पर फेडायची! ज्यानं सावड फेडली नाय, त्याला पुन्यांदा कुनी बांधावर उभं करत नाय."

देशमुख सर उठले. गणिताचे शिक्षक, सरळ माणूस, पण त्यांच्या आयुष्यात दोनच ऋतू : बोर्डाच्या आधीचा आणि बोर्डाच्या नंतरचा. "मॅडम, दहावीच्या मुलांनी पाचवीतल्या शेंबड्या पोरांसोबत बसायचं? वाटोळं होईल."

"सर, तुमच्या घरी जेवायला बसताना वयापरमानं तुकड्या पाडता का? धाकली अ मधी, तुमची आई ड मधी?"

"घर वेगळं, शाळा वेगळी."

"कामून?"

या 'कामून'वर देशमुख सर खाली बसले. पटलं म्हणून नव्हे. उत्तर सापडेना म्हणून, आणि ते त्यांना फार लागलं.

मुळात बाईंना तुकडी हा शब्दच सोसत नसे. "भाकरीचा तुकडा आसतो. लेकराचा आसतो व्हय?" शिक्षक कमी पडले तेव्हा त्यांनी शिपाई रऊफचाचांनाही एक सावड दिली. चाचा गांगरले. "बाई, मेरेकु कायकु? मैं तो घंटी बजाता."

"घंटी वाजवून झाली की बसा. शिकवायचं नाय, चाचा. बसायचं."

खरं सांगते, पहिला महिना नुसता गोंधळ होता. दहावीची मुलं भिंतीला टेकून जांभया देत, पाचवीची एकमेकांना चिमटे काढत, आणि आम्ही शिक्षक बावळटासारखे मधे. शिकवायचं नाही तर करायचं काय, हेच आम्हाला कळेना. शिकवणं सोडून मुलांजवळ अर्धा तास बसायची सवयच नव्हती आम्हाला. मी दोनदा गुपचूप विज्ञानाचं पुस्तक काढलं. दोन्हीदा बाई खिडकीत हजर! नुसता हात पुढे केला. मी पुस्तक दिलं.

गाडी रुळावर आली ती 'फेडायची' या एका अटीमुळे. मोठ्याने लहानाला भागाकार शिकवला, की लहानाने त्याची परतफेड करायलाच हवी. नुसतं 'थँक्यू दादा' चालायचं नाही. पाचवीतलं पोर दहावीच्या दादाचं काय फेडणार? पण फेडायची ती पोरं. कुणी इतिहासाची उत्तरं हातात पुस्तक धरून ऐकून घ्यायचं, कुणी सायकलची उतरलेली चेन बसवून द्यायचं. बँकेतल्या साहेबांची एक चुणचुणीत मुलगी सीमाकडून इंग्रजी वाचून घ्यायची, चुकलं की कपाळाला हात लावायची, आणि बदल्यात सीमाने तिला झाडावर चढायला शिकवलं. शाळा सुटताना बाई फाटकात उभ्या राहून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "सावड फेडली का रं?" पोरं ओरडायची, "फेडली!" एखादं गप्प राहिलं की त्याला थांबवून घ्यायच्या. रऊफचाचा आपल्या भाषेत म्हणायचे, "मियाँ, उधारी नक्को. चुका के जाओ." मावशी हा शब्द कधी बंद झाला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. सीमा रोज यायला लागली, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

दोन वर्षं असं चाललं. मग आला तो फ्लेक्स.

तोवर आसपास कोपऱ्याकोपऱ्यावर इंग्रजी शाळा निघाल्या होत्या, आणि आमच्या संस्थेच्या सचिवांना धास्ती पडली होती. त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येक शाळेने आपली वैशिष्ट्यं छापून चौकात फ्लेक्स लावावा. बाईंनी एकच वैशिष्ट्य लिहून दिलं : 'आमच्या शाळेत रोज पहिला तास सावडीचा.' फ्लेक्स करणारा पोरगा शहरात जन्मलेला, शहरात वाढलेला. त्याने जन्मात सावड ऐकली नव्हती. त्याला वाटलं, बाईंच्या हातून एक काना जास्त पडला. त्याने तो मोठ्या मनाने काढून टाकला आणि पुंडलिकनगरच्या चौकात, माणसापेक्षा उंच अक्षरांत, फ्लेक्स झळकला : 'आमच्या शाळेत रोज पहिला तास सवडीचा!'

सकाळी फाटकाशी पालकांची ही गर्दी. "सवड देता? रोज? मुलं काय झोपायला येतात का शाळेत?" देशमुख सरांची पाचावर धारण बसली. मी धावत जाऊन बाईंना चौकात घेऊन आले. त्यांनी फ्लेक्स वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की कमरेचा पदर सुटला आणि बाजूच्या हातगाडीला धरून उभं राहावं लागलं.

"बाई, उतरवायला सांगू का?" मी विचारलं.

"राहू द्या."

"अहो, चूक आहे ती!"

"चूक कशी? मोठ्या मानसाला लेकरासाठी अर्धा तास सवड नाय, म्हनून तर सावड करावी लागली. बराबर लिव्हलंय पोरानं." आणि परत फाटकाशी येऊन त्या पालकांना म्हणाल्या, "समद्यांनी शनिवारी या. बसून बोलू."

सचिवांचा फोन आला, फ्लेक्स काढा. बाईंनी काढला नाही. तो पुढे वाऱ्यानेच फाटला, तोवर राहिला.

शनिवारी पालक आले. बाईंनी त्यांना खुर्च्या दिल्याच नाहीत. सतरंज्या अंथरल्या आणि ज्याचं मूल ज्या सावडीत, त्या सावडीत त्यांना बसवलं. त्यामुळे झालं काय, की बँकेतले साहेब, सीमाची आई आणि गारखेड्यातले एक वकील मांडीला मांडी लावून बसले. माझ्या सावडीत एक गृहस्थ होते, त्यांचा प्लॉटिंगचा धंदा. शहर ज्या बाजूला वाढायचं त्या बाजूला यांची जमीन आधीच घेऊन ठेवलेली असायची. त्यांचा मुलगा दहावी अ चा पहिला नंबर. ते उभे राहून म्हणाले, "मॅडम, स्पष्ट बोलतो. माझ्या मुलाने या टँकरवरच्या पोरांसोबत का बसायचं? त्याला यांच्याकडून काय मिळणार आहे?"

सीमाची आई मान खाली घालून सतरंजीचा धागा काढत होती. माझ्या तोंडात शब्द आले होते, पण बाईंनी मला हाताने थांबवलं आणि त्या मुलालाच विचारलं, "सांग बाबा. काय मिळालं?"

मुलगा लाजला. वडिलांकडे न बघता म्हणाला, "बाई, सीमाताईचं फेडायचं राहिलंय माझं."

"काय फेडायचं राहिलं?" वडील गरजले.

"तिने मला भाकरी थापायला शिकवली, पप्पा. आता जमते मला. गोल नाही येत, पण फुगते."

कुणीतरी फिस्कन हसलं, मग सगळी सतरंजी हसली. सीमाची आईही तोंडाला पदर लावून हसली. गृहस्थ मात्र लालबुंद झाले. अ तुकडीचा पहिला नंबर आणि भाकरी! त्यांनी मुलाचा दंड धरला आणि तडक निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखीही बरेच उठले. जे बसले त्यांनी दुपारपर्यंत गप्पा मारल्या, पण उठून गेलेल्यांची संख्याही कमी नव्हती. बाई त्या पाठमोऱ्या माणसांकडे बघत म्हणाल्या, "जाऊ द्या. ज्यायला बसायचं व्हतं ते बसले."

ते गृहस्थ गेले ते सरळ सचिवांच्या बंगल्यावर. दोघांची जुनी ऊठबस होती.

आठवड्याभरात सचिव शाळेत आले. त्यांनाही बाकड्यावर बसावं लागलं. मला बाईंनी मुद्दाम थांबवून घेतलं. सचिव गोड माणूस. राग आला की ते आणखी गोड होत. म्हणाले, "वायाळबाई, तुमचा हेतू चांगला आहे, कुणी नाही म्हणत नाही. पण लोक आपल्याकडे अ तुकडी बघून येतात. पुढच्या वर्षी अ तुकडीला सेमी इंग्रजी करायचंय, वेगळी इमारत, वेगळा गणवेश. तुमच्या या सावडीत अ कुठली आणि ड कुठली, काही कळतच नाही."

"कळू नाय म्हनूनच करतो ना साहेब."

"नियमात बसत नाही हे."

"मग?"

सचिवांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मग असं, की एक तर सोमवारपासून सावड बंद, नाहीतर आपल्या फर्दापूरच्या शाळेत जागा रिकामी आहे. लांब आहे जरा. या वयात तुम्हाला झेपेल का, याची मला काळजी वाटते."

शिक्षा होती ती, साधी सरळ शिक्षा, साखरेत घोळवलेली. घरी आजारी नवरा, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि अजिंठ्याच्या पायथ्याशी बदली. मला वाटलं, बाई, घ्या पडतं. एवढ्यापुरतं घ्या.

बाईंनी मान तिरपी केली. "फर्दापूरला पोरं हायत का, साहेब?"

"आहेत की. शाळा आहे म्हटल्यावर पोरं असणारच."

"मग झालं. द्या आर्डर."

सचिवांना हे अपेक्षित नव्हतं. बाईंनी रडावं, विनवावं, आणि आपण सावड बंद करण्याच्या अटीवर बदली रद्द करावी, असा सगळा बेत त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो तसाच राहिला. ते गेल्यावर मी बाईंना म्हणाले, "अहो, निदान घरी विचारायचं होतं!" तर म्हणतात, "घरी इचारलं आसतं तर, ह्ये काय इचारायचं आसतं व्हय म्हनून ह्यांनी हाकलून दिलं आसतं मला. दोन वर्सं रोज लेकरांना फेड म्हनते, आन् माझी येळ आली की मी मागं सरू?"

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. फर्दापूरच्या त्या शाळेत शिक्षक इतके कमी होते, की सगळ्या वयाची मुलं नाहीतरी एकत्रच बसत. शहरात जो गुन्हा होता, तो तिथे अडचण म्हणून आपसूक माफ होता! बाई फोनवर सांगायच्या आणि खदखदा हसायच्या, "कुलकर्णीबाई, मला शिक्षा म्हनून सावडीतच आनून टाकलंय की ह्यांनी." इकडे आमच्या शाळेत सोमवारपासून तुकड्या लागल्या. पण मधल्या सुट्टीत कुणी कुणाजवळ बसून डबा खावा, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. पोरं आपापल्या सावडीतच डबे उघडायची. ती पोरं शाळेत होती तोवर हे चाललं, ती गेली आणि संपलं. सीमा दहावी झाली. दुसऱ्या खेपेला झाली, पण झाली. बाई फर्दापूरहूनच निवृत्त झाल्या आणि वर्षभरात गेल्या. मला कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. त्याचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

पण माझ्या डोळ्यांपुढे त्या उभ्या राहतात ते आमच्या शाळेतल्या शेवटच्या शनिवारी. त्यानंतर त्यांची प्रत्यक्ष भेट झालीच नाही.

सचिवांनी निरोप समारंभ ठेवला होता. माणसाला घालवायचं, पण रीतसर. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये व्यासपीठ, टेबलावर चादर, शाल, नारळ. मुलं तुकडीवार बसवलेली : पुढे अ, मग ब, मग क, आणि ड पार मागे, अर्धी उन्हात. ओळी दोरी लावून आखल्यासारख्या. सचिव बाईंच्या त्यागाबद्दल बराच वेळ बोलले. सोमवारपासून शाळेची घडी पुन्हा नीट बसेल, असंही बोलले. मग म्हणाले, "बाईंनी आता दोन शब्द बोलावेत, नंतर आपण सत्कार करू."

बाई माइकपाशी आल्या. माइक त्यांच्या उंचीला लावलेला नव्हता. त्यांनी तो खाली ओढला, तेव्हा त्याने एक किंकाळी फोडली.

"मी भाषन करनार नाय," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं, तुकड्या सोमवारपासून. आज शनिवार हाय. आजचा दिवस माझ्याकडं हाय. उठा रं समदे. आपापल्या सावडीत जाऊन बसा."

मागून, उन्हातून, सीमा उठली आणि ड च्या ओळीतून सरळ पुढे चालत आली. पाचवीतली दोन पोरं तिच्या दोन्ही हातांना लोंबकळली. मग ओळी फुटल्या. काय ती धांदल! दप्तरं, चपला, हाका, "दादा, इकडं, इकडं!" दहावी अ चा तो पहिला नंबर कुणालातरी कडेवर घेऊन चालला होता. रऊफचाचा आपल्या सावडीला हात हलवून बोलावत होते, "आ जाओ, इधर छाँव है." देशमुख सर खुर्चीवरून उठले. मला वाटलं, ओरडायला उठले. ते व्यासपीठावरून खाली उतरले, पॅन्ट सांभाळत मांडी घालून आपल्या पोरांत बसले, आणि कुणाकडेही बघेनात. मग मीही उतरले. व्यासपीठावर राहिले एकटे सचिव. त्यांच्या हातात उघडलेली शाल होती. ती कुणाच्या खांद्यावर घालायची, ते त्यांना समजत नव्हतं, कारण बाईही एव्हाना खाली उतरल्या होत्या.

शाळेतली सगळ्यांत द्वाड पोरं बाईंनी स्वतःच्या सावडीत घेतलेली होती. त्यांच्या मधोमध त्या फतकल मारून बसल्या. एकाचं डोकं मागे सारून जागा केली, पदर पुन्हा कमरेला खोचला, आणि शेड पूर्ण शांत होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी मान वर केली.

"हां, साहेब. आता बोला," त्या म्हणाल्या. "आमी समदे बसलोत."